धरणाकाठचे ५२ गुंठे: वायनरीपट्ट्यातल्या एका व्यवहाराची सगळी स्टोरी

नाशिकला वायनरी बघायला आलेला मुंबईकर दुसऱ्या ग्लासानंतर एकच प्रश्न विचारतो, इथे जमीन काय रेटने मिळते हो? मी जमिनी-घरांचं व्हॅल्युएशन करतो, बहुतेक काम बँकांचं, त्यामुळे हा प्रश्न लग्नात, बारशाला, एकदा तर दहाव्यालाही मला विचारलेला आहे. उत्तर एका आकड्यात देता येत नाही म्हणून हे एक प्रकरण पूर्ण लिहून काढतोय. नावं नाहीत, गावाचं नावही नाही, एवढंच सांगतो की गंगापूर धरणाच्या वरच्या अंगाला, गिरणारे रोडवरून आत गेलं की येतं ते. विकणाऱ्याला सगळं गाव नाना म्हणतं, मीही तेच म्हणतो.

घेणारं जोडपं ठाण्याचं. तो आयटीत, ती बँकेत. दोनतीन वर्षं हिवाळ्यात सावरगाव रोडला वायनरीवर यायचे, एकदा संध्याकाळी धरणाचं पाणी, मागे द्राक्षाच्या ओळी आणि सूर्य असा फोटो पडला आणि डोक्यात किडा शिरला की आपलंही असंच काहीतरी पाहिजे, छोटं घर, चार ओळी वेलींच्या, आपण नसू तेव्हा होमस्टेला द्यायचं, ईएमआय त्यातूनच निघेल वगैरे. (ईएमआय त्यातून निघेल हे वाक्य मी आजवर शंभरवेळा ऐकलंय, निघालेला ईएमआय एकदाही पाहिला नाही.)

एजंटने त्यांना आधी दाखवला ११ गुंठ्यांचा फार्म प्लॉट. तीन एकराचे तुकडे पाडलेले, चुन्याने रेघा मारलेल्या, गेटला कमान, कमानीवर द्राक्षाचा घड. नाव अर्थातच कुठल्यातरी इटालियन गावासारखं. एनए, म्हणजे बिगरशेती झालेली आहे का विचारलं तर म्हणे होणारच आहे सर, प्रोसेसमध्ये आहे. आता यात मेख कुठे आहे ते बघा. तुकडेबंदी कायद्याचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याच्या खाली शेतजमिनीचा तुकडा पाडून विकता येत नाही ते, २०२३ च्या ऑगस्टमध्ये बदललं, बहुतेक जिल्ह्यांत जिरायतला २० गुंठे आणि बागायतला १० गुंठे झालं, म्हणजे बागायत दाखवलेली ११ गुंठे जमीन कागदावर तुकडा ठरत नाही, रजिस्ट्री होऊ शकते. तेवढंच सांगून एजंट थांबतो. पुढचं तो सांगत नाही की शेतजमिनीवर शेतघर बांधायचं तर धारणक्षेत्र किमान ०.४ हेक्टर लागतं, म्हणजे ढोबळ ४० गुंठे. ११ गुंठे विकत घेता येतात पण त्यावर घर बांधता येत नाही, टेंट टाकून बसा आणि चहा प्या. या पट्ट्यात असे प्लॉट घेऊन बसलेले लोक मला दर महिन्याला भेटतात, सगळ्यांच्या हातात सातबारा असतो आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, साहेब आता ग्रामपंचायत परवानगी देईल का. ग्रामपंचायतीचा विषयच नाही तिथे, या भागाला एनएमआरडीए, म्हणजे नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे, बांधकाम परवानगी तिकडून.

तर ते बारगळलं, आणि मग एजंटने नानांचे ५२ गुंठे काढले.

आता नानांच्या जमिनीची जन्मकथा सांगायलाच पाहिजे, कारण सगळा रेट तिथे दडलाय. नानांचे वडील कूळ होते, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारे, कूळकायद्याच्या कलम ३२ग खाली ती जमीन त्यांच्या नावावर झाली. दोन तुकडे, खाली ओढ्याकडे काळी जमीन साडेतीन एकर आणि वर टेकाडावर हे ५२ गुंठे, मुरमाड, पाणी थांबत नाही, पूर्वी तिथे नागली आणि खुरासणी व्हायची तीही जेमतेम. वडील गेले, १९९४ ला भावाभावांत वाटप झालं. थोरल्याने काळं रान घेतलं, नाना धाकटे, त्यांच्या वाट्याला टेकाड आणि वर एक बैलजोडी, समजूत म्हणून. नाना सांगतात, 'तवा आमची आई रडली होती साहेब, म्हणली धाकट्याला दगडं दिली.'

हे टेकाड नानांनी वीस वर्षांपूर्वी वाईनच्या द्राक्षाला लावलं. त्या काळात वारं तसंच होतं. सरकारने २००१ ला द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, अबकारी करात सूट दिली, विंचूरला वाईन पार्क निघालं, सुलाची वाइनरी त्याआधीच सुरू झालेली, आणि बघता बघता दिंडोरी, निफाड, इगतपुरी भागात वायनऱ्यांची रांग लागली. वाईनच्या वेलीला हलकी, निचऱ्याची जमीन चालते, उलट आवडतेच, म्हणून नानांच्या दगडांना पहिल्यांदा भाव आला. शिराझ लावली, एका वायनरीशी करार. पहिली काही वर्षं बरी गेली. मग २००८-०९ ची मंदी, मुंबईवरचा हल्ला, हॉटेलं रिकामी, वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्या, आणि करार असूनही माल उचलायला कोणी येईना. नाशिक जिल्ह्यात त्या दोनतीन वर्षांत कित्येकांनी वाईनच्या बागा तोडून थॉमसन, म्हणजे खायची द्राक्षं लावली किंवा भाजीपाल्याकडे वळले. नानांनी अर्धी तोडली, अर्धी ठेवली, कारण टेकाडावर दुसरं काही येत नाही हे त्यांना ठाऊक होतं. नंतर दुसऱ्या वायनरीने करार केला तो चालू होता.

म्हणजे बघा, वाईन जोरात होती तेव्हा जमिनीचा रेट शेतीच्याच हिशोबाने होता, आणि आज? सुलाचा शेअर डिसेंबर २०२२ मध्ये ३५७ रुपयांना बाजारात आला आणि २०२५ मध्ये त्या किमतीच्या खाली घसरलेला होता, २०२२ ला किराणा सुपरमार्केटमध्ये वाईन विकायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तो विरोधामुळे बारगळला, २०२५ ला तर मे महिन्यापासून पाऊस सुरू झाला तो दिवाळी झाली तरी हटेना आणि द्राक्षवाल्यांचं कंबरडं मोडलं. द्राक्षाचं हे असं आणि त्याच द्राक्षाच्या शेजारच्या जमिनीची मागणी वरवर. मला लोक विचारतात वाईनमुळे रेट वाढले का, मी म्हणतो वाईनने फक्त पत्ता दिला. रेट आणला तो रस्त्याने आणि लॉकडाऊनने. मुंबई-नाशिक हायवे चौपदरी झाल्यावर शनिवार-रविवारचा गिऱ्हाईक आला, २०२० मध्ये घरात कोंडलेल्या लोकांना मोकळं आकाश आठवलं आणि त्याच वर्षी सप्टेंबर ते पुढच्या मार्चपर्यंत मुद्रांक शुल्कात सूट होती त्यामुळे रजिस्ट्रार ऑफिसात जत्रा, मग समृद्धीचा शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ ला सुरू झाला, आणि आता सिंहस्थ, ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि मुख्य स्नानं २०२७ च्या पावसाळ्यात. प्रत्येक एजंट तुम्हाला कुंभ झाला की डबल म्हणून सांगेल. मागच्या कुंभाच्या आधीही हेच सांगत होते, २०१५ ला मीही इथेच होतो.

तर परत ५२ गुंठ्यांवर. एजंटची मागणी गुंठ्याला ४ लाख. म्हणजे एकरी १ कोटी ६० लाख. बांधाला बांध लागून असलेल्या थोरल्याच्या काळ्या रानाला, जिथे सोन्यासारखा टोमॅटो होतो आणि गिरणाऱ्याचं मार्केट हाकेच्या अंतरावर, तिथे कोणी गुंठ्याला दीड लाखाच्या वर बोलायला तयार नाही. कारण खाली उभं राहिलं की पाणी दिसत नाही, झाडं आणि विजेचे खांब दिसतात. वर टेकाडावर उभं राहिलं की धरणाचं सगळं पात्र, पलीकडे डोंगराची रांग, आणि डाव्या हाताला शेजाऱ्याची द्राक्षबाग शिस्तीत उतरत गेलेली. तो अडीच लाखांचा फरक नुसत्या नजरेचा आहे. पिकण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही, उलट जेवढं कमी पिकतं तेवढा रेट जास्त, कारण जिथे पिकत नाही ती जागा सहसा उंचावर असते.

सरकारचं गणित मात्र अजून जुनंच आहे. ग्रामीण भागातल्या शेतजमिनीचा रेडीरेकनर, म्हणजे सरकारी दर, आकारणीच्या म्हणजे शेतसाऱ्याच्या गटावर चालतो, जास्त आकार म्हणजे चांगली जमीन म्हणजे जास्त दर, आणि आकार ठरलाय कधी तर इंग्रजांच्या काळातल्या सर्व्हेत, मातीचा कस बघून. नानांच्या टेकाडाचा आकार १ रुपया १५ पैसे. थोरल्याच्या रानाचा त्याच्या कितीतरी पट. म्हणजे सरकारी कागदावर थोरला श्रीमंत, बाजारात नाना. माझ्यासारख्या माणसाने मधोमध बसून सही करायची.

या आकाराचा एक गमतीशीर उपयोगही झाला. सातबाऱ्यावर इतर हक्कात कूळकायदा कलम ४३ चा शेरा होता, म्हणजे कुळाने मिळवलेली जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. ठाणेकर घाबरले, एजंट म्हणाला सर त्याचे वेगळे अडीच लाख लागतील, सेटिंग करावं लागतं. मी म्हटलं थांबा. २०१४ च्या दुरुस्तीनंतर ३२म चं, म्हणजे कुळाच्या मालकीचं, प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या ४० पट नजराणा सरकारला भरायचा, घेणारा शेतकरी पाहिजे वगैरे अटी पाळायच्या, बस. ४० गुणिले १ रुपया १५ पैसे, झाले ४६ रुपये. कोटीच्या वरच्या जमिनीचा नजराणा सेहेचाळीस रुपये! चलनाची झेरॉक्स काढायला आणि तहसीलला जायला-यायला जास्त खर्च झाला. एजंट त्या दिवसापासून माझ्याशी नीट बोलत नाही.

घेणारा शेतकरी पाहिजे, इथे दुसरा घोळ. कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जो शेतकरी नाही त्याला महाराष्ट्रात शेतजमीन घेता येत नाही. नवरा पक्का गिरणगावातला, तीन पिढ्या चाळीत, शेतीशी संबंध भाजी आणण्यापुरता. एजंटकडे याचंही औषध होतं, दुसऱ्या जिल्ह्यातून शेतकरी दाखला आणून देतो म्हणे, सत्तर हजार. हे औषध घेतलेले लोक पुढे त्याच कायद्याच्या ८४क च्या चौकशीत अडकतात, व्यवहार अवैध ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते. पण झालं काय की बायको कोरेगावची, वडील २०१६ ला गेले आणि वारसाने तिचं नाव भावांबरोबर सातबाऱ्याला लागलेलं. म्हणजे घरात शेतकरी कोण तर बँकेत एसीत बसणारी मॅडम. व्यवहार एकटीच्या नावावर करायचा ठरला. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला, पैसे निम्म्याच्या वर त्याचे. नाना त्याला म्हणाले, 'असू द्या साहेब, आमच्यातही सगळं तिच्याच हातात आहे, निस्तं नाव माझं.' न्यू जर्सीला असलेला त्याचा मेव्हणाही निम्मी पार्टनरशिप मागत होता, त्याला सांगावं लागलं की एनआरआयला शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही, वारसाने आलं तर गोष्ट वेगळी. तो अजूनही म्हणतो तुम्ही लोक फार निगेटिव्ह आहात.

आता साईट व्हिजिटबद्दल. एजंटने त्यांना नेलं होतं सप्टेंबरच्या शेवटी. धरण काठोकाठ, हिरवंगार, टेकाडाच्या पायथ्याला पाणी चुबुक चुबुक करतंय. गाडी कुठे लावली तर बरोबर अशा जागी की उतरल्यावर हायटेन्शनचा टॉवर पाठीमागे राहतो. माझी अट असते, मे महिन्यात एकदा बघा. तेव्हा व्यवहार थांबवून मेमध्ये गेलो, मी, ठाणेकर दोघं आणि नाना. पाणी पार खाली गेलेलं. टेकाडापासून पाण्यापर्यंत नुसता भेगाळलेला गाळ, त्यात कोणीतरी काकडी आणि टरबुजं लावलेली, दोन म्हशी, एक फाटकं जाळं. मॅडम म्हणाल्या आपलं लॉन कुठे गेलं? ते लॉन कधी तुमचं नव्हतंच. ती धरणाच्या संपादनातली सरकारी जमीन, पाणी उतरलं की गाळपेरीला देतात. एजंटने ब्रोशरमध्ये ती हिरवी रंगवून वॉटर टच लिहिलं होतं. वॉटर टच म्हणजे वर्षातले चार-पाच महिने पाणी आणि उरलेले महिने काकडी. नवऱ्याने तिथेच उभं राहून गुंठ्याला चार लाखांचं तीन केलं. मला विचाराल तर या पट्ट्यातला रेट पाडायला मे महिन्यासारखा वकील नाही.

मग मोजणी. भूमी अभिलेखचे लोक रोव्हर, म्हणजे उपग्रहावरून मोजणारं यंत्र, घेऊन आले, थोरल्याची मुलं बांधावर येऊन बसली, तंबाखू मळत, काही बोलत नव्हती. सातबाऱ्याला ०.५२ हेक्टर, म्हणजे ५२ गुंठे, जागेवर निघाले ४९. तीन गुंठे कुठे गेले? थोडे शेजाऱ्याच्या बागेत, थोडे थोरल्याच्या बांधात, बांध सरकतो, दरवर्षी नांगराचा एक तास. नाना म्हणाले जाऊ द्या. ४९ असले तरी ४० च्या वर आहेत म्हणून शेतघराला बसतात, पण ६० च्या आत आहेत म्हणून जमीन महसूल संहितेच्या कलम ४१ प्रमाणे जोतं १५० चौरस मीटरच्या वर नाही. म्हणजे सोळाशे स्क्वेअर फूट. मॅडमच्या फोनमध्ये पाच बेडरूम आणि इन्फिनिटी पूलचा प्लॅन होता, आर्किटेक्टला फी पण देऊन झालेली. होमस्टेसाठी २०२० च्या कृषी पर्यटन धोरणात नोंदणी करता येते, पण तिथे शेती पण करायला लागते, नुसतं पूल नाही चालत.

पण खरा पेच निघाला रस्त्याचा. टेकाडाला रस्ताच नाही! गावाच्या डांबरी रस्त्यापासून थोरल्याच्या काळ्या रानातून एक गाडीवाट, बैलगाडी जाईल एवढी, तीही कागदावर कुठे नाही. नाना तीस वर्षं तिथूनच जातात कारण भाऊच आहे. व्हिजिटच्या वेळी एजंटने त्या वाटेवर एक दिवस आधी मुरूम टाकून ठेवलेला, हे नंतर कळलं. मी थोरल्यांकडे गेलो. ऐंशीच्या घरातले, ओट्यावर बसलेले, डोळ्याला मोतीबिंदू, डोकं मात्र तल्लख. म्हणाले, 'रस्ता देतो की. किती लागंल?' मी हिशोब सांगितला, १५ फूट रुंद, २९० फूट लांब, म्हणजे ४ गुंठे. 'मग चार गुंठ्याचे वरच्या रेटने द्या.' म्हटलं दादा, वरचा रेट वरच्या जमिनीचा आहे, हे काळं रान दीड लाखाचं. ते हसले. म्हणाले, 'वर जायाला हेच लागतं ना? मग हे बी वरचंच.'

मी व्हॅल्युएशनमध्ये एवढी वर्षं काढली पण इतकी नेमकी व्याख्या कुठल्या पुस्तकात वाचली नाही. टेकाडाची निम्मी किंमत त्या चार गुंठ्यांत होती आणि म्हाताऱ्याला ते आमच्या आधी कळलं होतं. कायद्याने बघायला गेलं तर तहसीलदाराकडे कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो, पण तो शेतीसाठी, एसयूव्हीसाठी नाही, शिवाय भावाने भावावर केस करायची आणि वर्षानुवर्षं तारखा. आणि चार गुंठे सरळ विकत घेतले तर ते तुकडेबंदीत अडकतात, शेतरस्त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढता येते २०२४ च्या नियमांनी, पण त्यातही वेळ. शेवटी वकिलांनी जाण्यायेण्याच्या हक्काचा नोंदणीकृत दस्त केला, कायमचा, वारसांना बंधनकारक, जमीन थोरल्याचीच राहिली. मागितले १६ लाख, ठरले १०, त्यातले निम्मे नानांनी सोसले. दोन भावांत त्या दिवशी बऱ्याच वर्षांनी चहा झाला म्हणे, मी नव्हतो.

आणि बहीण. ९४ च्या वाटपात बहिणींची नावं साध्या जबाबावर उडवलेली, नोंदणीकृत हक्कसोड नाही. एक बहीण वारलेली, तिची मुलं नव्हती. दुसरी सिन्नरला. एजंट म्हणाला जुनं झालं ते, फेरफार मंजूर आहे, कोण येतंय. मी ठाणेकरांना सांगितलं ताई सही करणार नाहीत तोपर्यंत एक रुपया विसार देऊ नका. नाना आणि मी गेलो सिन्नरला. ताईंनी पिठलं-भाकरी खाऊ घातली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'नाना, तुला दगडं दिली म्हणून मी गप होते. आता दगडं नाहीत ना ती.' आठ लाख घेतले, संमती देणाऱ्या म्हणून खरेदीखतावर सही केली. नाना गाडीत बराच वेळ गप होते, मग म्हणाले बरोबर आहे तिचं. मलाही तेच वाटतं, आणि बहिणीला साडी-चोळीवर बोळवण करायचे व्यवहार मी इतके बघितलेत की हे आठ लाख मला या प्रकरणातला सगळ्यात सरळ पैसा वाटला.

फायनल रेट बसला गुंठ्याला २ लाख ७० हजार, ४९ गुंठ्यांचे १ कोटी ३२ लाख ३० हजार. एजंट म्हणत होता पन्नास कॅश करू, सगळे करतात. नाना तयार झाले नाहीत, आणि कारण फार छान होतं. त्यांच्या मुलाने सीएला विचारलेलं. ग्रामीण शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावर कर लागत नाही, फक्त शहराच्या हद्दीपासून लांब पाहिजे, लोकसंख्या १० लाखांच्या वर असेल तर हवाई अंतर ८ किलोमीटरच्या पुढे. नाशिक २०११ च्या जनगणनेत १४ लाख ८६ हजार, म्हणजे ८ चाच नियम. हद्दीपासून सरळ रेषेत मोजलं तर नानांचं टेकाड नऊच्या थोडं पुढे बसलं. म्हणजे सगळे पैसे चेकने घेतले तरी कर शून्य, मग कॅश घेऊन गादीखाली कशाला ठेवायची? आठ किलोमीटरच्या आत आणि बाहेर, ही रेघ नकाशावर दिसत नाही पण या पट्ट्यात विकणाऱ्याच्या हातात काय पडतं ते तीच ठरवते. आणि घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ती माहीत असते, म्हणून भाव करताना वापरतही नाहीत.

पहिल्या व्हिजिटपासून खरेदीखतापर्यंत चौदा महिने लागले.

वेलींचं काय झालं ते राहिलं. ठाणेकरांना वेली हव्या होत्या, त्यासाठीच तर सगळा खटाटोप. पण वायनरीचा करार नानांशी होता, जमिनीशी नाही. नवीन मालकाचा माल घ्यायला वायनरी बांधील नाही, आणि पंचवीस-तीस गुंठे शिराझसाठी वेगळा करार कोण करतंय. खायच्या बाजारात शिराझ कोणी विचारत नाही, बारीक मणी, आत बिया. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मध्ये फवारण्या, पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या टोळीची मजुरी, हे सगळं करून घड झाडावरच सुकवायचे. पहिल्या वर्षी हौसेने केलं, खर्चाचा आकडा नवऱ्याने मला सांगितला आणि लगेच बायकोला सांगू नका म्हणाला. दुसऱ्या वर्षी वेली तोडल्या, अँगल आणि तारा भंगारात गेल्या, घराच्या नियोजित व्हरांड्यासमोर दोन ओळी ठेवल्या फोटोपुरत्या. त्यांची छाटणी नाना करतात. हजेरी घेतात, रोख.

नानांनी पैशातून मुलाच्या नावावर वणीच्या अलीकडे दोन एकर काळी जमीन घेतली. आधी पेठ बाजूला स्वस्त मिळेल म्हणून बघत होते, पण तिकडे बहुतेक जमिनी आदिवासींच्या, महसूल संहितेचं कलम ३६अ लागतं, बिगर आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही आणि घेऊही नये. वणीकडे गेल्यावर कळलं की तिथेही रेट चढलेत, कारण धरणाकाठचे विकलेले सगळे नाना तिकडेच येऊन काळी जमीन शोधतायत. टेकाड विकणारा खाली सरकतो आणि खालच्याचा रेट वर ढकलतो. मुलगा टोमॅटो करतो, नाना आयुष्यात पहिल्यांदा काळ्या रानात उभे राहून फोटो काढून घेतात.

परवा थोरल्यांचा फोन आला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणे, छान दिसतं आता. मग थोडं इकडचं तिकडचं बोलून मुद्द्यावर आले. 'साहेब, आमच्या घराच्या गच्चीवर चढलो काल. तिथनं धरणाचं पाणी दिसतंय, थोडंच, पण दिसतंय. मग आता आमच्या रानाला कंचा रेट धरायचा?'

मी म्हटलं दादा, मेमध्ये येतो.